बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब आणि घराण्यातलं हृदयाचं दुखणं: कोणती चाचणी, कोणत्या वयात

घरात कुणाला ऐन चाळिशीत हृदयविकाराचा झटका आलेला असतो, कुणी धडधाकट तरुण खेळता खेळता कोसळलेला असतो. मग बाळ जन्मलं की पहिल्या दोन दिवसांतच आईबाप दबक्या आवाजात विचारतात, "ते याच्याही रक्तात असेल का? आत्ताच कळेल का?" नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचे नमुने घेण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की त्याचं नीट उत्तर एकदा लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं.

एका शब्दात ते देता येत नाही, कारण ‘हृदयाचं आनुवंशिक दुखणं’ हे एक दुखणं नव्हेच. काही दुखणी पहिल्या आठवड्यात ओळखली नाहीत तर बाळ हातचं जाऊ शकतं. काहींसाठी पहिल्या आठवड्यात रक्त काढून फारसं काही पदरात पडत नाही, पण तीच चाचणी दीड वर्षाच्या वयात चोख उत्तर देते. आणि काहींच्या बाबतीत रक्ताच्या आधी ईसीजीचा कागद बोलतो. ‘चाचणी करू का’ याऐवजी ‘कुठल्या दुखण्यासाठी, कुठल्या वयात’ असं विचारायला लागलात की पुढचा गोंधळ बराच कमी होतो. खालच्या पायऱ्या साधारण त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

आधी एक गल्लत दूर करू

जन्मजात आणि आनुवंशिक हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. हृदयाला छिद्र असणं, झडप अरुंद असणं, मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल होणं हे रचनेतले जन्मजात दोष. शंभरातल्या साधारण एका बाळात असा एखादा दोष असतो आणि बहुतेकांच्या घरात तो आधी कुणाला नसतो. हे दोष टाचेच्या रक्तातून कळत नाहीत. त्यासाठी जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लावतात. मोजमाप ९५ टक्के किंवा त्याहून जास्त आणि हात-पायांतला फरक ३ टक्क्यांच्या आत असेल तर बाळ पास. सुईसुद्धा लागत नाही. शंका आली तर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको. ही तपासणी झाली का, हे घरी जाण्याआधी विचाराच. रक्ताची चाचणी झाली म्हणून ती टळत नाही, आणि ती झाली म्हणून रक्ताची टळत नाही.

या लेखाचा विषय दुसरा आहे: जनुकातून आलेला धोका, जो बाहेरून गोंडस दिसणाऱ्या, पोटभर दूध पिणाऱ्या बाळातही दडून असू शकतो.

पायरी पहिली: रक्ताआधी वंशावळ

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच हाती लागतं. बाळ यायच्या आधीच, शांतपणे बसून, एका मोठ्या कागदावर तीन पिढ्या लिहून काढा. दोन्हीकडचे आजी-आजोबा, त्यांची भावंडं, तुमचे काका, मामा, आत्या, मावशा, त्यांची मुलं. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी: हृदयाचं काही होतं का, आणि गेले असतील तर कितव्या वर्षी, कशाने.

‘हार्ट फेल झालं’ एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे कुठल्याही अचानक मृत्यूला हेच म्हणतात. खोदून विचारा. झटका आला होता का? पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत आला असेल तर त्याखाली रेघ मारा. कोलेस्टेरॉल जास्त होतं का? टाचेच्या मागच्या शिरेवर, कोपरावर, हाताच्या बोटांच्या मागे घट्ट पिवळसर गाठी होत्या का? पंचेचाळिशीच्या आतच बुबुळाभोवती पांढरट कडं दिसत होतं का? ही सगळी घराण्यातल्या कोलेस्टेरॉलची चिन्हं आहेत.

मग दुसऱ्या जातीचे प्रश्न, ठोक्यांच्या बिघाडाचे. चांगलं पोहता येणारं कुणी पोहता पोहता बुडालं का? गजर वाजला, फोन खणखणला आणि त्याच क्षणी कुणी बेशुद्ध पडलं का? एखाद्याला आकडीचा आजार म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या, पण त्या कधी लागू पडल्या नाहीत, असं झालं का? पाळण्यात झोपेत गेलेलं बाळ, जन्मापासून बहिरं असलेलं आणि मधूनच चक्कर येऊन पडणारं मूल, छातीत बसवलेलं शॉक देणारं यंत्र, या सगळ्यांची नोंद करा. जन्मजात बहिरेपणा आणि हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड एकत्र चालत येणारा एक आजार आहे. जर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी तो १९५७ साली नोंदवला. घरच्यांच्या लेखी कान आणि हृदय यांचा काही संबंध नसतो, म्हणून ते सांगतच नाहीत.

आईबाप एकमेकांच्या नात्यातले असतील तर तेही लिहा, संकोच नको. काही आजार दोन्हीकडून सदोष जनुक आल्यावरच होतात आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते.

आता या पायरीतली कळीची गोष्ट. घरातला आजारी माणूस हयात असेल तर जनुकाची पहिली चाचणी त्याची करा, बाळाची नको. त्याच्या रक्तात नेमका कुठला बदल आहे हे सापडलं की बाळात तेवढा एकच बदल शोधायचा असतो. आहे किंवा नाही, दोनच उत्तरं. उलट, घरातला बदल माहीत नसताना बाळाचं रक्त पाठवलं आणि ‘काही सापडलं नाही’ असा अहवाल आला, तर त्याला फार अर्थ उरत नाही. खरंच नाही म्हणून सापडलं नाही की शोधणाऱ्याला दिसलं नाही, ते कळायला मार्गच नसतो. असा कोरा अहवाल छातीशी धरून निर्धास्त झालेली कुटुंबं मी पाहिली आहेत आणि मला त्यांची काळजी वाटत राहते.

पायरी दुसरी: टाचेच्या कार्डावर काय काय तपासतात ते विचारा

जाड गाळणकागदाच्या कार्डावर रक्ताचे ठिपके वाळवून तपासायची पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रुळवली. तेव्हा एकाच आजारासाठी होती. आज त्याच ठिपक्यांतून कुठे पाच-सहा, कुठे पन्नासच्या वर आजार पाहतात. जागेप्रमाणे यादी बदलते, म्हणून ‘टाचेची चाचणी झाली’ एवढ्यावर समाधान मानू नका, यादी हातात मागा. हृदयाच्या दृष्टीने त्यात तीन नावं शोधायची: कार्निटिनची कमतरता, लांब साखळीच्या फॅटी ॲसिडचे दोष आणि पॉम्पे आजार.

पहिली दोन का महत्त्वाची, ते समजून घ्या. आईच्या पोटात असताना बाळाचं हृदय मुख्यतः साखर आणि लॅक्टेटवर चालतं. जन्म झाला, नाळ कापली, की त्याला पहिल्या काही दिवसांतच इंधन बदलावं लागतं आणि ते मेदावर चालू लागतं. मोठ्या माणसाच्या हृदयाची निम्म्याहून जास्त ऊर्जा मेदातूनच येते. आता मेद पेशीच्या भट्टीत वाहून नेणारं कार्निटिन अपुरं असेल, किंवा मेदाची लांब साखळी तोडणारं एन्झाइमच अधू असेल, तर दोन दुधांमधलं अंतर वाढलं की रक्तातली साखर घसरते, हृदयाचा स्नायू उपाशी राहतो, सुजतो, ठोके बिघडतात. वरून बाळ ‘फार झोपाळू आहे’ एवढंच दिसतं.

टाचेच्या ठिपक्यात हे टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्री नावाच्या तंत्राने पकडतात. कार्निटिन कमी दिसतं किंवा अर्धवट तुटलेल्या साखळ्या साचलेल्या दिसतात. आणि उपाय असतो. कार्निटिन वाहून नेण्याचाच दोष असेल तर ते औषध म्हणून तोंडाने देतात आणि फुगलेलं हृदय पुन्हा पूर्ववत होऊ शकतं. साखळीचा दोष असेल तर बाळाला उपाशी राहू द्यायचं नाही, रात्रीसुद्धा ठरलेल्या वेळी पाजायचं, आणि गरजेप्रमाणे मध्यम साखळीच्या मेदाचं खास दूध द्यायचं. लवकर कळलं म्हणून जीव वाचला, असं छातीठोक म्हणता येईल अशी ही दुखणी आहेत.

इथे एक विलक्षण गोष्ट घडते. बाळाच्या कार्डावर कार्निटिन कमी दिसतं, पुन्हा तपासल्यावर बाळ ठीक निघतं, आणि शेवटी कळतं की कमतरता आईला आहे. बाळाला पोटात आईकडूनच कार्निटिन मिळतं, म्हणून तिची उणीव त्याच्या ठिपक्यात उमटते. अशा आईला आयुष्यभर कधी काही जाणवलेलं नसतं, पण तिच्या हृदयाला धोका असू शकतो. म्हणून असा अहवाल आला की आईनेही रक्त द्यायचं, ‘बाळाचं नॉर्मल आलं ना’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

पॉम्पे आजारात स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, साचत जातं, कारण ते फोडणारं एन्झाइम नसतं. तान्ह्या वयातल्या प्रकारात हृदय प्रचंड जाड होतं आणि उपचाराविना बहुतेक बाळं पहिलं वर्ष पार करत नसत. २००६ मध्ये ते एन्झाइम शिरेतून देण्याचं औषध मान्य झालं आणि चित्र बदललं. तैवानने २००५ मध्येच नवजात बाळांची पॉम्पेसाठी तपासणी सुरू केली, आणि इतक्या लवकर सापडलेल्या बाळांची हृदयं उपचाराने खरोखर सावरताना दिसली. अमेरिकेच्या शिफारशीच्या यादीत तो २०१५ मध्ये आला. मात्र काही निरोगी बाळांत हे एन्झाइम चाचणीत कमी भरतं आणि आजार मुळीच नसतो. म्हणून पहिल्या अहवालावर निदान करत नाहीत, जनुक आणि इको पाहूनच ठरवतात.

पायरी तिसरी: नमुन्याचा दिवस

रक्त साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतात. त्याआधी घेतलं तर बाळाच्या रक्तात आईच्या शरीराची सावली अजून असते. फार उशीर केला तर वेगळीच अडचण: दूध पोटभर मिळायला लागलं की मेदाच्या साखळीच्या दोषाची खूण फिकी पडते आणि चाचणी चुकून ‘ठीक’ येऊ शकते. २४ तासांच्या आत घरी जायची वेळ आली तर नमुना देऊन जा आणि दुसरा केव्हा द्यायचा ती तारीख लिहून घ्या.

टोचण्याआधी टाच कोमट फडक्याने तीनेक मिनिटं शेकली की रक्त सहज येतं. टोचायचं तळव्याच्या टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला, मधोमध नाही आणि मागच्या गोलाईवर तर नाहीच, कारण तिथे हाड जवळ असतं. खोली २ मिलिमीटरच्या आत. पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा मोठा होऊ द्यायचा आणि कागदाला नुसता टेकवायचा, मग छापील वर्तुळ एका दमात भरतं आणि ठिपका मागच्या बाजूलाही तितकाच उतरतो. थेंबावर थेंब टाकला की रक्ताचे थर बसतात आणि आकडे चुकतात. सुरुवातीच्या दिवसांत माझ्या हातून हे झालं आहे. वर्तुळ अर्धंच भरलं म्हणून मी वरून आणखी एक थेंब दिला, कार्ड प्रयोगशाळेने परत केलं, आणि त्या बाळाला पुन्हा टोचावं लागलं. त्याच्या आईने मला काही बोल लावला नाही, पण तो दिवस मी विसरले नाही.

बाळाला त्या वेळी अंगावर पाजत ठेवा, किंवा उघड्या छातीशी धरा. रडणं खरोखर कमी होतं. हे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, भिडस्तपणा करू नका.

कार्डावरचं नाव, जन्माची वेळ, नमुन्याची वेळ आणि तुमचा चालू फोन नंबर स्वतः वाचून पाहा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, शिरेतून पोषण चालू असेल, किंवा त्याला रक्त चढवलं असेल तर ते कार्डावर लिहिलंच पाहिजे. दुसऱ्याचं रक्त मिसळल्यावर एन्झाइमचं मोजमाप त्या रक्तदात्याचं होऊन बसतं. रक्त चढवायचं ठरलं तर नमुना आधी घ्यायला सांगा. कार्ड आडवं, उन्हापासून लांब, तीन-चार तास वाळू द्यायचं असतं.

निघताना एकच विचारा: अहवाल किती दिवसांत येईल, आणि तो ठीक असला तरी कळवतात का? बऱ्याच ठिकाणी फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक असं गृहीत धरतात. फोन न येण्याचं कारण नंबर चुकणं हेही असू शकतं.

पायरी चौथी: घराण्यातलं कोलेस्टेरॉल, आणि थांबण्याचं महत्त्व

आता त्या दुखण्याकडे येऊ, ज्याच्या भीतीने बहुतेक लोक मूळ प्रश्न विचारतात. त्याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. जगात साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला तो असतो, म्हणजे आनुवंशिक आजारांत तो मुळीच दुर्मीळ नाही. यकृताच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, रक्तातून उचलून घेणारे ग्राहक असतात. ते निम्मे अधू असले की एलडीएल जन्मापासून साचत राहतं. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे कोडं उलगडलं आणि त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. उपचार न घेतलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी.

मग जन्मतःच तपासायचं का नाही? कारण नाळेच्या रक्तात प्रत्येकच बाळाचं एलडीएल अगदी कमी असतं, डेसिलीटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास. आजार असलेल्या आणि नसलेल्या बाळांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की रेघ कुठे मारायची तेच कळत नाही. दूध सुरू होतं, यकृत कामाला लागतं, आणि एक ते दोन वर्षांच्या दरम्यान दोन्ही गट स्पष्ट वेगळे दिसू लागतात. याच हिशोबाने ब्रिटनमध्ये लसीकरणाला आलेल्या १ ते २ वर्षांच्या १०,०९५ मुलांची टाच टोचून कोलेस्टेरॉल आणि जनुक तपासले गेले आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हजार मुलांमागे साधारण चार मुलं सापडली, आणि त्यांच्या मागोमाग चार आईबाप. त्या तरुण आईबापांना आपल्याला हे आहे याचा पत्ता नव्हता आणि धोका आधी त्यांना होता. स्लोव्हेनियात १९९५ पासून पाच वर्षांच्या मुलांची कोलेस्टेरॉल तपासणी चालू आहे.

तेव्हा घरात हा आजार असेल तर बाळ दीड वर्षाचं झालं की एलडीएल तपासा, लसीच्या भेटीला जोडून केलं तर वेगळी खेप पडत नाही. मुलात एलडीएल १९० किंवा वर असेल, घराण्यात कमी वयातला हृदयविकार असून १६० च्या वर असेल, किंवा आईबापांत जनुक सिद्ध झालेलं असून १३० च्या वर असेल, तर निदान जवळजवळ पक्कं धरतात. एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात. घरातला जनुकबदल माहीत असेल तर तो तपासून उत्तर कायमचं मिळतं.

हे जन्माच्या आठवड्यात केलं नाही म्हणून काही बिघडत नाही, कारण औषध तेव्हा द्यायचंच नसतं. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन साधारण ८ ते १० वर्षांच्या वयात सुरू करतात. त्याचा उपयोग किती, तर नेदरलँड्समध्ये लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्या २१४ मुलांचा २० वर्षं पाठपुरावा झाला. वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या १ टक्का जणांना हृदयविकाराची घटना झाली होती. त्यांच्याच आजारी आईबापांत त्या वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होतं. २०१९ मध्ये हे आकडे वाचले तेव्हा मी ज्या ज्या घराला ‘घाबरू नका’ म्हणाले होते, त्या प्रत्येकाची आठवण झाली.

तोवर एक चूक टाळा: भीतीपोटी तान्ह्या बाळाच्या दुधातला मेद कमी करू नका. पहिल्या दोन वर्षांत मेंदूच्या वाढीला तो लागतो. या आजाराचं मूळ ग्राहकात आहे, बाळाच्या दुधात नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे. आई आणि बाप दोघांनाही हा आजार असेल तर चारात एका शक्यतेने बाळाला दोन्हीकडून सदोष जनुक येतं. हा प्रकार फार दुर्मीळ, साधारण तीन लाखांत एक. पण अशा मुलाचं एलडीएल ४०० च्या पुढे जातं, त्वचेवर गाठी बालपणातच दिसतात आणि झटका शाळेच्या वयात येऊ शकतो. इथे थांबायचं नाही. जनुकाची चाचणी लगेच, आणि बाळ पहिल्यापासून मेदविकाराच्या तज्ज्ञाकडे.

रक्तात लायपोप्रोटीन ए नावाचा, हृदयविकाराचा धोका वाढवणारा आणखी एक कण असतो, नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो १९६३ मध्ये शोधला. त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतं आणि पाचातल्या एका माणसात ते जास्त असतं. जन्मतः तो कमी असतो आणि पहिल्या वर्षात वाढत जातो. घरात तो जास्त असेल तर मूल दोन वर्षांचं झाल्यावर एकदा मोजून ठेवा, एवढं पुरे.

पायरी पाचवी: ठोके आणि स्नायू, जिथे रक्त दुय्यम आहे

लाँग क्यूटी हा ठोक्यांच्या विजेचा आजार. ठोक्यामागे हृदयाची वीज सुरू होऊन पुन्हा शांत व्हायला लागणारा वेळ, म्हणजे ईसीजीवरचं क्यूटीचं अंतर, यात लांबतो. साधारण २००० बाळांत एकाला. हा आकडा इटलीतल्या ४४,००० हून जास्त बाळांचे ईसीजी काढून मिळाला, आणि ते ईसीजी तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला काढले होते, कारण पहिल्या दिवसांत क्यूटीचं अंतर सगळ्याच बाळांत वरखाली होतं. घरात हा आजार असेल तर जन्मानंतर एक आणि महिन्याच्या आत दुसरा ईसीजी मागा. जनुकाचं रक्त त्याच वेळी द्या, पण घरातला बदल माहीत असेल तरच त्याचं उत्तर लख्ख येतं. निदान झालं तर ठोक्यांना आवर घालणारं बीटा ब्लॉकर औषध तान्ह्या वयातही देतात. काही नेहमीची औषधं, उदाहरणार्थ एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, क्यूटी लांबवतात. टाळायच्या औषधांची यादी पाकिटात कायम ठेवावी लागते, दाताच्या डॉक्टरलासुद्धा दाखवावी लागते.

हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, पाचशे प्रौढांत एकाला असतो. इथे बाळात जनुक सापडलं म्हणजे आजार झाला असं नाही. काहींना तरुणपणी होतो, काहींना साठीत, काहींना कधीच नाही. म्हणून रक्ताचा उपयोग एवढाच की कुणाला वर्षानुवर्षं इकोसाठी बोलवत राहायचं आणि कुणाला मोकळं करायचं ते ठरतं. घरातला बदल मुलात नाही, असं कळून सुटलेलं मूल हाही मोठाच लाभ आहे.

पायरी सहावी: सगळ्या जनुकांची चाचणी कुणी सुचवली तर

आता काही ठिकाणी नवजात बाळाचा पूर्ण जनुकसंच वाचायचे प्रकल्प सुरू आहेत. इंग्लंडमध्ये एक लाख बाळांचं नाळेचं रक्त त्यासाठी घेण्याचं काम चालू आहे. बॉस्टनच्या बेबीसीक अभ्यासात १५९ बाळांपैकी १५ जणांत बालपणी सुरू होऊ शकणाऱ्या एखाद्या आजाराचा जनुकीय धोका निघाला. त्यांत हृदयाच्या स्नायूचे धोकेही होते आणि बाळाच्या तब्येतीवरून किंवा घराण्याच्या माहितीवरून त्यांतला एकही आधी अपेक्षित नव्हता.

मी अशा चाचणीच्या विरोधात नाही. पण सही करण्याआधी तीन उत्तरं घ्या. उपचार बालपणात सुरू होतात तेवढेच आजार सांगणार, की मोठेपणीचेही? ज्या बदलाचा अर्थ आज कुणालाच लागलेला नाही, तो अहवालात लिहिणार का? आणि बाळाची ही माहिती व उरलेलं रक्त कुठे, किती वर्षं ठेवणार, कोण पाहू शकणार? अर्थ न लागलेला बदल अहवालात आला, तर त्यावरून औषध, बंदी, खेळ सोडणं असं काहीही करायचं नसतं. काही वर्षांनी त्याच प्रयोगशाळेला ‘आता याचा अर्थ कळला का’ असं पुन्हा विचारायचं.

पायरी सातवी: फोन आला तर

‘अहवालात काहीतरी आहे, बाळाला घेऊन या.’ हे वाक्य ऐकल्यावर पुढचं काही कानात शिरत नाही. म्हणून कागद-पेन घेऊन तेवढ्याच गोष्टी विचारा: आजाराचं नाव काय, आजच यायचं की आठवड्यात, तोवर बाळाला किती तासांनी पाजायचं. टाचेची चाचणी ही चाळणी आहे. तिच्यात अडकलेल्या बाळांपैकी बरीच पुढच्या तपासणीत निरोगी निघतात, कारण एकही आजारी बाळ निसटू नये म्हणून जाळी मुद्दाम बारीक ठेवलेली असते. पण याचा अर्थ जायला उशीर केला तरी चालेल असा नाही. मेदाच्या दोषाचा संशय असेल तर त्या रात्री गजर लावून पाजा. बाळ दूध ओढत नसेल, उठवूनही जागं होत नसेल, पाजताना घामेघूम होत असेल, श्वास भरभर चालत असेल, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता आपत्कालीन विभागात जा आणि तिथे पोचताच टाचेच्या चाचणीचा फोन आला होता हे पहिल्या वाक्यात सांगा.

निदान पक्कं झालं की अहवालाची पूर्ण प्रत मागून घ्या. जनुकाचं नाव आणि बदलाची खूण जशी छापली आहे तशी, अक्षरन् अक्षर. ‘कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक त्रास’ असं तोंडी सांगून नातेवाइकांच्या डॉक्टरला काही करता येत नाही. ती खूण दिली तर एका साध्या चाचणीत त्यांचं उत्तर निघतं. आता पहिल्या पायरीतला तो मोठा कागद पुन्हा काढा. त्यावरच्या ज्या माणसांना हा बदल असू शकतो त्या प्रत्येकाला प्रत पाठवा, बोलणं बंद असलेल्या चुलत भावालासुद्धा. आणि पुढचं बाळ होणार असेल तेव्हा तोच कागद पहिल्या भेटीला डॉक्टरांसमोर ठेवा, म्हणजे त्या बाळाच्या कार्डावर पहिल्या दिवसापासून काय शोधायचं ते लिहिलेलं असेल.